आपल्या पोरांचे अंगठे आणि ०.०५ चा शिक्का

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. ज्यांच्या घरात शाळेत जाणारं पोर आहे आणि ज्यांचं पोर बी.ए.ला सायकॉलॉजी घेऊन बसलंय, त्या दोघांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांची मर्जी.

आपल्या तालुक्यात सध्या बोटांच्या ठशांचा धंदा जोरात आहे. शाळेत पालकसभा लावायची, प्रोजेक्टरवर मेंदूचं रंगीत चित्र दाखवायचं, मशिनवर पोराच्या दहाही बोटांचे ठसे घ्यायचे आणि आठ दिवसांनी चकचकीत रिपोर्ट हातात द्यायचा. पोरगं डाव्या मेंदूचं की उजव्या, गणित किती टक्के, संगीत किती टक्के, इंजिनिअर करावं की वकील, सगळं त्यात. फी काही हजारांत. याला डीएमआयटी असं भारदस्त नाव आहे. वर हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताची फोडणी. गार्डनर यांचा सिद्धांत १९८३ चा, आणि त्यात बोटांचे ठसे कुठेही नाहीत. ठसे आईच्या पोटात तयार होतात हे खरं, मेंदूही तिथेच वाढतो हेही खरं. पण तिथे कानाची पाळीसुद्धा तयार होते. तिच्यावरून करिअर सांगणारा अजून आपल्याकडे आलेला नाही, एवढंच.

एका पालकसभेत मी विचारलं, हे कशावरून सिद्ध झालं? कोट घातलेला तरुण हसून म्हणाला, "सर, इंटरनॅशनल रिसर्च आहे. स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट आहे."

सभा गार. 'सिग्निफिकंट' म्हटल्यावर पुढे काय विचारायचं कुणाला कळेना. त्या हॉलमध्ये सायकॉलॉजीचे दोन पदवीधर शिक्षक बसले होते. तीन वर्षांत कधीतरी त्यांनी टी-टेस्ट सोडवलेली असणार, त्यात मार्कही मिळवले असणार. दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की बाबा, किती मुलांवर, कशाच्या तुलनेत, फरक किती, आणि कितीव्यांदा मोजल्यावर?

माझं भांडण कोटवाल्याशी थोडं कमी आहे. तो दुकान मांडून बसलाय, माल विकणारच. माझं भांडण आहे ते सायकॉलॉजीच्या पोरांना 'परिकल्पना परीक्षण' ज्या पद्धतीने शिकवलं जातं त्याच्याशी. जे शास्त्र अशा दुकानदाराला चार प्रश्नांत गप्प बसवू शकतं, ते आपण पोरांना शिक्का मारायला शिकवतो. मग शिक्का कुणीही मारतो.

माझी भाची टी.वाय.ला आहे, सायकॉलॉजी स्पेशल. दिवाळीत तिचं प्रात्यक्षिकाचं जर्नल बघत होतो. विषय: मुले व मुली यांच्या स्मरणशक्तीतील फरक. तीस मुलं, तीस मुली. निरर्थक शब्दांची यादी वाचून दाखवायची आणि किती आठवतात ते मोजायचं. टी मूल्य २.३१. टेबलमध्ये २.००. म्हणून शून्य परिकल्पना नाकारण्यात येते. निष्कर्ष: मुलींची स्मरणशक्ती मुलांपेक्षा चांगली असते. खाली सरांची लाल सही.

म्हटलं, "शून्य परिकल्पना नाकारली म्हणजे नेमकं काय केलं?"

"मामा, आपली व्हॅल्यू टेबलपेक्षा मोठी आली की नाकारायची. छोटी आली की स्वीकारायची."

"आणि ही मुलं कुठून आणली होतीस?"

"ग्राउंडवरून. कबड्डीची प्रॅक्टिस संपवून येत होती, त्यांनाच बसवलं."

"आणि मुली?"

"लायब्ररीतल्या."

आता बोला. घामाघूम झालेली, भुकेजलेली पोरं एका बाजूला आणि पंख्याखाली बसलेल्या अभ्यासू पोरी दुसऱ्या बाजूला. टी-टेस्टला यातलं काही दिसत नाही. तिला फक्त आकडे दिसतात. आकड्यांत फरक होता आणि तो तिने इमानदारीने सांगितला. तो फरक मुलगा-मुलगीचा, की कबड्डी-लायब्ररीचा, हे बघणं माणसाचं काम. ते जर्नलात कुठेच नव्हतं. पोरीचा यात काडीचाही दोष नाही. हुशार आहे, मी विचारल्यावर तिच्या लगेच लक्षात आलं. तिला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

या विषयाची मूळ कल्पना फार सोपी आहे, आणि ती बारावी आर्ट्सच्या पोरालाच काय, आपल्या स्टँडवरच्या कुणालाही सांगता येते. सांगतो.

हायवेला लागलात की दर किलोमीटरला 'चुलीवरची भाकरी' अशी पाटी दिसते. समजा एक मित्र छातीठोक म्हणाला, चुलीवरची आणि गॅसवरची भाकरी मी डोळे झाकून ओळखतो. तुम्ही काय कराल? एकच तुकडा द्याल? एक तर आंधळासुद्धा नाणं उडवून निम्म्या वेळा बरोबर सांगेल. आठ तुकडे द्या. चार चुलीवरचे, चार गॅसवरचे. चार-चार आहेत हे त्याला माहीत असू द्या. आठातून चार निवडण्याचे ७० प्रकार असतात. त्याला काहीही कळत नसेल तर सगळे बरोबर यायची शक्यता ७० त एक, म्हणजे शेकडा दीडसुद्धा नाही. सगळे बरोबर आले तर म्हणायचं, नुसत्या नशिबाने हे होणं अवघड, गड्यात काहीतरी आहे. पण चुलीवरचे तीनच बरोबर आले तर? किमान तीन बरोबर यायचे प्रकार १७. ७० तले १७, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा. एवढं तर नशिबानेही होतं. त्यावर मिशीला पीळ देता येत नाही.

संपलं. हेच परिकल्पना परीक्षण. 'त्याला काही कळत नाही, तो अंदाजपंचे सांगतोय' ही शून्य परिकल्पना. 'तसं असतं तर इतका चांगला किंवा याहून चांगला निकाल कितीदा आला असता' याचं उत्तर म्हणजे पी-मूल्य. हा प्रयोग माझा नाही. रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३५ च्या पुस्तकात तो चहाचा म्हणून सांगितला. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखते असं म्हणणारी एक बाई, आणि आठ कप. फिशर रोदॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात काम करायचे. म्हणजे हे शास्त्र खत, बियाणं आणि पिकाच्या वाफ्यातून वर आलेलं आहे. आपल्या भागातल्या पोरांना ते परकं वाटायचं काही कारणच नाही.

आणि बघा, या प्रयोगात आकडेमोड शेवटी येते. त्याआधीचं महत्त्वाचं. पीठ एकच हवं, थापणारा हात एकच हवा, तुकडे सारखे गार हवेत, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा, आणि वाढणाऱ्यालासुद्धा माहीत नसावं कुठला तुकडा कुठला, नाहीतर त्याचा चेहराच उत्तर सांगेल. यातलं एक जरी चुकलं तर ७० त एक हा हिशेब वाऱ्यावर. कॉलेजात मात्र पहिल्या तासापासून फळ्यावर सूत्र. वर्गमूळात एन वन, एन टू. पोरं उतरवून घेतात, पाठ करतात, पेपर लिहितात, विसरतात.

दुसरी गोष्ट शब्दांची. मराठी पुस्तकांत 'सिग्निफिकंट'ला 'सार्थक' म्हणतात. सार्थक फरक. आपल्याकडे जन्माचं सार्थक होतं, कष्टांचं सार्थक होतं. सार्थक म्हटलं की माणसाला वाटतं, मोठं काहीतरी झालं. प्रत्यक्षात त्या शब्दाचा अर्थ एवढाच की 'फरक मुळीच नाही' असं धरलं तर हे आकडे जरा विचित्र दिसतात. फरक मोठा आहे की चिमूटभर, याबद्दल तो शब्द मुका आहे.

उदाहरण तुमच्या हातातच आहे. ज्या फेसबुकवर तुम्ही हे वाचताय, त्या कंपनीने २०१२ च्या जानेवारीत आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या भिंतीवर येणाऱ्या पोस्टी गुपचूप कमी-जास्त केल्या. काहींना आनंदी पोस्टी कमी, काहींना दुःखी पोस्टी कमी. मग ते लोक स्वतः काय लिहितात ते मोजलं. २०१४ साली निबंध छापून आला, फरक सार्थक. जगभर बोंब झाली की फेसबुक आपल्या भावना बदलतं. फरक किती होता? ज्यांच्या आनंदी पोस्टी कापल्या त्यांच्या लिखाणात आनंदी शब्द कमी झाले, हजार शब्दांमागे एखादा. पावणेसात लाखांहून जास्त माणसं मोजलीत तर मुंगीची सावलीसुद्धा सार्थक येते. (लोकांना न विचारता प्रयोग केला हा गुन्हा वेगळा, त्यावर पुन्हा कधीतरी.)

याच्या उलटही होतं. मी पंधरा वर्षं कोर्टाच्या बातम्या करतोय. 'पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता' हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. गावाला माहीत असतं की याचा अर्थ 'त्याने केलंच नाही' असा होत नाही. साक्षीदार दोनच होते, दोघेही फितूर झाले, सरकारी वकिलाच्या हाताला काही लागलं नाही. भाचीच्या वहीत मात्र 'शून्य परिकल्पना स्वीकारली' असं लिहायला लावतात. दहा-दहा पोरं घेतली, फरक सापडला नाही, म्हणून फरक नाहीच! दहा पोरांत लपलेला फरक सापडतो कुठे? तपासच तोकडा होता म्हणा ना. 'स्वीकारली' हा शब्द वहीतून कायमचा खोडायला हवा.

तिसरा घोळ सगळ्यात मोठा, आणि तो शिकलेली माणसंही करतात. पी ०.०५ च्या खाली आला म्हणजे 'आपलं म्हणणं ९५ टक्के खरं' असं समजतात. नाही हो. पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. म्हणून अंगण ओलं दिसलं की पाऊसच पडला असं होत नाही, कधी टँकरचा पाइप फुटलेला असतो. 'फरक नसेल तर असे आकडे कितीदा येतील' हा एक प्रश्न, आणि 'असे आकडे आलेत तर फरक नसण्याची शक्यता किती' हा वेगळा प्रश्न. टेस्ट पहिल्याचं उत्तर देते. आपण ते दुसऱ्याचं म्हणून खपवतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली जाहीर निवेदन काढून हे सांगावं लागलं, इतका हा रोग जुना आणि जगभरचा आहे. आणि तो ०.०५ तरी काय, वेदवाक्य आहे? फिशरनी १९२५ च्या पुस्तकात विसात एक ही रेघ सोयीची म्हणून सुचवली. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की दरवेळी, प्रत्येक प्रश्नाला एकच ठरलेली रेघ लावायची नसते. आपण त्या रेघेची लक्ष्मणरेषा केली.

इथे माझे एक प्राध्यापक मित्र नेहमी मला अडवतात. माणूस सज्जन आहे, विद्यार्थ्यांसाठी जीव टाकणारा. ते म्हणतात, "अहो, पोरं आर्ट्सची आहेत. गणिताला घाबरून इकडे आलेली. त्यांना पेपर पास करून द्यायचाय. तुमचं तत्त्वज्ञान कुठे सांगत बसू? एका वर्गात नव्वद पोरं, वर सेमिस्टर, वर नॅकची कागदपत्रं." नॅक आणि नव्वद पोरांबद्दल मी काही बोलत नाही, त्यांची अडचण खरी आहे. पण 'आर्ट्सची पोरं' हे मला मान्य नाही. गणिताला घाबरतात म्हणून तुम्ही त्यांना काय देता? वर्गमूळ! भाकरीचे तुकडे मोजायला नकोत, पण प्रमाण विचलन हाताने काढायला हवं. जे मोबाईल एका सेकंदात करतो ते पोरांकडून करून घेता, आणि जे मोबाईल करू शकत नाही तेवढं नेमकं वगळता.

आणि हे फक्त आपल्या तालुक्याचं दुखणं असतं तर मी पोस्ट लिहिलीच नसती. वरपासून खालपर्यंत हाच प्रकार झालेला आहे, आणि त्याची किंमत सायकॉलॉजीने जगभर मोजली आहे.

२०११ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे डॅरिल बेम यांनी नऊ प्रयोग छापले, हजारावर विद्यार्थ्यांवर केलेले. दावा काय, तर माणसाला पुढे घडणाऱ्या गोष्टीची आधीच चाहूल लागते. पडद्याआड चित्र कुठे येणार हे विद्यार्थी ५० ऐवजी ५३.१ टक्के वेळा बरोबर सांगत होते. नवापैकी आठ प्रयोग सार्थक. छापलं कुठे, तर मानसशास्त्रातल्या अगदी वरच्या दर्जाच्या नियतकालिकात. सगळे नियम पाळून भविष्य कळायला लागलं. तेव्हा विचारी लोकांनी डोक्याला हात लावला: भविष्य कळत नसेल तर मग आपल्या नियमांतच खोट आहे.

त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसोन या तिघांनी ती खोट मुद्दाम उघडी करून दाखवली. विद्यार्थ्यांना बीटल्सचं एक गाणं ऐकवलं आणि रीतसर आकडेमोड करून दाखवलं की गाणं ऐकणाऱ्यांचं वय जवळजवळ दीड वर्षाने कमी झालं! वाटणं कमी झालं नाही, जन्मतारखेचं वय. फरक सार्थक, पी ०.०५ च्या आत. कसं केलं? बऱ्याच गोष्टी मोजायच्या आणि जी जमली तेवढीच सांगायची, मधेच आकडे बघायचे, जमलं नाही तर आणखी थोडी पोरं घ्यायची, जमलं की थांबायचं. अशा चार-पाच सवलती एकत्र घेतल्या तर काहीही नसताना सार्थक निकाल यायची शक्यता विसात एक राहत नाही, ६० टक्क्यांच्या वर जाते.

मटक्याचा आकडा फुटल्यावर 'मी तर हाच म्हणलो होतो' म्हणणारे प्रत्येक पानटपरीवर असतात. त्यांना कुणी पैसे देत नाही, कारण चिठ्ठी आधी लावावी लागते. संशोधनात मात्र आकडा फुटल्यावर चिठ्ठी लिहायची मुभा वर्षानुवर्षं होती. साधा हिशेब करा. खरोखर कुठलाच फरक नसलेल्या वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या तर निदान एक तरी 'सार्थक' निघण्याची शक्यता ६४ टक्के. ठशांच्या रिपोर्टात किती गोष्टी असतात? गणित, संगीत, भाषा, नेतृत्व, स्वभाव, शिकण्याची पद्धत. पोराचं काही ना काही जुळणारच.

मग २०१५ साली मोठी तपासणी झाली. २००८ साली तीन नामांकित नियतकालिकांत आलेल्या १०० अभ्यासांचे प्रयोग जगभरच्या संशोधकांनी मिळून पुन्हा केले. मूळ अभ्यासांत ९७ टक्के सार्थक होते. पुन्हा केल्यावर उरले ३६ टक्के. यात सगळेच लबाड होते असं कुणी म्हणत नाही, मीही नाही. बहुतेक जण प्रामाणिकपणे तेच करत होते जे त्यांना शिकवलं होतं: टेबलपेक्षा मोठी आली की नाकारा, आणि छापा.

'छापा' यावरही दोन शब्द. आपल्याकडे प्राध्यापकाला बढतीसाठी निबंध हवेत, आणि 'काही सापडलं नाही' असा निबंध कुणी छापत नाही. पैसे भरले की काहीही छापणारी जर्नलं मात्र गल्लोगल्ली निघाली. २०१८ साली यूजीसीलाच स्वतःच्या मान्य यादीतून चार हजारांवर जर्नलं काढून टाकावी लागली. कोटवाल्या तरुणाचं 'इंटरनॅशनल रिसर्च' अशाच एखाद्या जर्नलातलं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. मी दोनदा मागितलं. अजून मिळालेलं नाही.

आता आपल्या मातीतलं उदाहरण, कारण हे सगळं साहेबाच्या देशातलं झालं असं कुणी म्हणेल.

२००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या. प्रत्येक ज्योतिषाला यातल्या चाळीस दिल्या, नावं काढून. सांगा कुठली हुशार मुलाची आणि कुठली मतिमंद मुलाची. पास व्हायचं तर चाळीसपैकी किमान २८ बरोबर हवेत. २८ च का? नाणं उडवून चाळीस उत्तरं दिली तर साधारण वीस बरोबर येतात, आणि २८ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. रेघ आधी आखली, नंतर उत्तरं उघडली.

सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. एकही पास झाला नाही. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली. सगळ्यात चांगल्याला २४. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या मागून घेतल्या, त्यांचे १०२ बरोबर आले.

या २४ वर जरा थांबा, कारण आमच्या धंद्यात मथळा इथेच होतो. 'अमुक ज्योतिषाची ६० टक्के भाकितं खरी!' मथळा खोटा नाही, आकडा बरोबर आहे. पण हिशेब करून बघा. नुसतं नाणं उडवणाऱ्याला २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता साधारण १३ टक्के. सत्तावीस जण नाणं उडवायला बसवले तर त्यातले तीन-चार जण २४ पर्यंत किंवा त्यापुढे जायला हवेत. इथे तिथपर्यंत पोचला एकच. म्हणजे आपल्या पहिल्या नंबरच्या ज्योतिषाचं यश नाण्यांच्या जत्रेतही उठून दिसलं नसतं. हा हिशेब टी.वाय.च्या पोराला यायला पाहिजे की नाही? 'करंट सायन्स'मध्ये २००९ साली हा अभ्यास आलाय. माझ्या भाचीने त्याचं नावही ऐकलं नव्हतं. सायकॉलॉजीच्या मराठी वर्गात याहून चांगला धडा कुठला असेल, मला सांगा.

"पण दादा, आमच्या पोराचा रिपोर्ट अगदी तंतोतंत जुळतो हो," असं मला तीन पालकांनी सांगितलं. जुळणारच. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा 'खास' अहवाल दिला. किती जुळतो याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी ४.२६. मग सांगितलं, सगळ्यांना एकच अहवाल दिला होता, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेली. 'तुमच्या मुलात क्षमता भरपूर आहे, पण ती पूर्ण वापरली जात नाही.' हे वाक्य न जुळणारं एक पोर दाखवा तालुक्यात!

म्हणून जुळतो का हे विचारून उपयोग नाही. दुसऱ्याचा रिपोर्टही तितकाच जुळतो का, हे विचारायला हवं. आणि ते मोजता येतं, फुकटात, आपल्याच गावात.

रिपोर्ट घेतलेली चाळीस घरं शोधायची. प्रत्येक घराला दोन रिपोर्ट द्यायचे, एक त्यांच्या पोराचा, एक त्याच वयाच्या दुसऱ्या पोराचा. मुलाला मुलाचा, मुलीला मुलीचा. नाव, शाळा, ठशांची चित्रं काढून टाकायची. वर कुठला, खाली कुठला हे चिठ्ठी टाकून. ज्यांनी रिपोर्ट अजून उघडलेला नाही अशीच घरं घ्यायची, नाहीतर आठवणीवर ओळखतील. रिपोर्ट घेऊन जाणाऱ्या पोरालाही खरा कुठला ते माहीत नको. आईबापांनी आपला ओळखायचा. २८ आले तर कंपनी पास. आणि कंपनीवर अन्याय नको म्हणून तोही हिशेब करून ठेवलाय: त्यांच्या रिपोर्टवरून दहापैकी आठ पालक आपलं पोर ओळखू शकत असतील, तर या चाचणीत ते शंभरात सुमारे ९५ वेळा पास होतील. दहापैकी सहाच ओळखू शकत असतील तर मात्र आठात एकदाच पास होतील, चाळीस घरं त्याला कमी पडतात, हे मी आधीच कबूल करतो. पण मग माहितीपत्रकावरही 'दहापैकी सहा' असं छापा, आणि फी त्या हिशेबाने घ्या.

भाची आणि तिच्या वर्गातल्या अकरा जणी हे करायला तयार आहेत. त्यांच्या सरांनी, तेच माझे मित्र, हे यंदाचं प्रात्यक्षिक म्हणून धरायचं कबूल केलंय. जर्नलमध्ये पहिल्या पानावर २८ ची रेघ आणि तारीख, घरं फिरायच्या आधी. एका शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र दिलंय, ते 'संस्थेला विचारतो' म्हणालेत. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो म्हणाला वरिष्ठांशी बोलून कळवतो. त्याला तीन आठवडे झाले.

रिपोर्टची फी भरलीय पण पाकीट अजून फोडलेलं नाही, अशी चाळीस घरं हवी आहेत. आत्तापर्यंत सात मिळालीत. कमेंटमध्ये पोराचं नाव लिहू नका, मला इनबॉक्स करा. पाकीट फोडू नका.